नभोवाणीपासून महाजालापर्यंत : एका रस्त्याची आणि आपल्या श्रवणाची कहाणी

दिल्लीतील मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कोपर्निकस मार्ग लांबीने फार मोठा नाही. सावकाश चालणारा माणूसही तो थोड्या वेळात संपवतो. परंतु या एवढ्याशा रस्त्याने परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला जेवढे ऐकविले आणि दाखविले, तेवढे राजधानीतील दुसऱ्या कोणत्याही रस्त्याने दाखविले नसेल. कमानी सभागृह आणि श्रीराम भारतीय कला केंद्र याच मार्गावर आहेत. चौकाच्या कोपऱ्यावर तीन अकादमींचे रवींद्र भवन उभे आहे. दूरदर्शन भवन येथेच, प्रसार भारतीचे मुख्य कार्यालय येथेच आणि ज्याच्या उपाहारगृहात जेवून दिल्लीतील कित्येक पिढ्यांनी घरची आठवण शमविली, ते जुने महाराष्ट्र सदनही येथेच. कस्तुरबा गांधी मार्गावरील नवे सदन २०१३ साली झाले. पण जुन्या माणसांच्या तोंडी ‘सदन’ म्हणजे अजून हेच.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘काहीतरी इतिहासाचे’ लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा आम्हांस प्रथम हा रस्ता आठवला. आम्ही इतिहासकार नव्हे. सरकारी नोकरीत तीन दशके टिपण्या लिहिण्यात गेली. त्यामुळे प्रकरण मुळापासून तपासावे, तारखा लावाव्यात आणि शेवटी प्रस्ताव मांडावा, एवढीच आमची पद्धत. तीच येथे चालविली आहे. विषय असा की, घरापासून शेकडो कोस दूर असलेल्या मराठी माणसाच्या कानी त्याची गाणी, त्याच्या बातम्या आणि त्याची नाटके कोणकोणत्या वाटांनी पोचली, आणि आज महाजालाने, म्हणजे इंटरनेटने, ही वाट राजरस्त्याएवढी रुंद केली असता आपल्या पदरी नेमके काय पडले.

आरंभ मुंबईपासून करावयास हवा. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. दिल्ली केंद्राचा जन्म १ जानेवारी १९३६ चा, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. रोज पहाटे केंद्र उघडताना जी धून वाजते, तिचे कर्तृत्व वॉल्टर कॉफमन या संगीतकाराकडे सांगितले जाते. हा गृहस्थ मूळचा बोहेमियातील ज्यू. युरोपातील वातावरण विषारी होऊ लागले तेव्हा, १९३४ साली, तो मुंबईस आला आणि पुढे तेथील नभोवाणी केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. मायदेश सुटलेल्या एका माणसाने तंबोऱ्याच्या साथीवर बांधलेली ही धून, आपला गाव सोडून आलेल्या लक्षावधी माणसांची पहाट व्हावी, हा योगायोग आम्हांस नेहमीच अर्थपूर्ण वाटत आला आहे.

देश स्वतंत्र झाला तेव्हा आपल्या वाट्याला अवघी सहा नभोवाणी केंद्रे आली होती. त्यांचा आवाज देशाच्या सुमारे अडीच टक्के भूभागावर आणि अकरा टक्के लोकांपर्यंत पोचत असे. पुढे १९४८ साली नागपूर आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले. याच पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीस ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’चा पहिला स्वर उमटला. आठवड्यास एक या क्रमाने छप्पन गीते झाली. सीताकांत लाड या अधिकाऱ्याची ती कल्पना. एका सरकारी केंद्रावरील अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघालेली योजना घराघरांतील देवघरापर्यंत जावी, याचा आमच्यासारख्या नोकरदारास विशेष अभिमान वाटतो.

दिल्लीच्या बाजूनेही मराठी माणसाचा हात या इतिहासात होताच. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होती. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली त्यांच्याच काळात सुरू झाला. चित्रपटगीतांवर मात्र त्यांची मर्जी नव्हती. परिणाम असा झाला की, श्रोत्यांनी रेडिओचा काटा कोलंबोकडे वळविला आणि रेडिओ सिलोनचे भाग्य उजळले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. श्रोत्याने काय ऐकावे हे वरून ठरविता येते. परंतु त्याचा काटा कोणी धरून ठेवू शकत नाही, हा धडा त्या प्रकरणातून मिळाला. पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज आमच्या मते याच धड्यात आहे.

आमचे वडील १९७९ साली बदलीने दिल्लीस आले आणि आम्ही रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीत वाढलो. वडिलांचा रात्रीचा एक नेम होता. जेवणे आटोपली की ते रेडिओ खिडकीशी नेत आणि काटा केसाएवढा सरकवीत मुंबई शोधीत. दिवसा मुंबई लागत नसे, रात्री लागे. याचे कारण वातावरणाच्या वरच्या थरात आहे. मध्यमलहरी शोषून घेणारा आयनांबराचा खालचा थर सूर्यास्तानंतर विरतो. मग त्या लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर उतरतात. आम्हां मुलांना एवढेच ठाऊक होते की, मुंबई अंधारात येते. खरखर, मध्येच कुठल्यातरी परक्या केंद्राची कुरघोडी, आणि त्यातून वर येणारी नाट्यपदाची एखादी तान. ती तान पुरी होईपर्यंत घरात कोणी बोलत नसे.

एक विसंगती तेव्हा आमच्या ध्यानी आली नव्हती. आकाशवाणीची राष्ट्रीय मराठी बातमीपत्रे त्या काळी दिल्लीतूनच वाचली जात. ती येथून महाराष्ट्रातील केंद्रांकडे जात आणि तेथून सहक्षेपित होत. म्हणजे ज्यांचा आवाज सांगली-साताऱ्यास घरोघर ओळखीचा होता, ती माणसे दिल्लीत आमच्याच बाजारात भाजी घेत आणि आमच्याच बसने घरी जात. पण त्यांचा आवाज साध्या रेडिओवर स्वच्छ ऐकू येण्याची खात्री मात्र पुण्यास होती, दिल्लीस नव्हती. ही बातमीपत्रे २०१० नंतरच्या दशकात दिल्लीहून हलली आणि मुंबईहून दिली जाऊ लागली. आज त्यांचा आवाज दिल्लीत केव्हाही ऐकता येतो. परंतु बाजारात भेटणारे ते निवेदक आता आपले शेजारी राहिले नाहीत.

चित्रवाणीची कथा दिल्लीतच सुरू होते. १५ सप्टेंबर १९५९ रोजी येथे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. भारतीय चित्रवाणीवर पंडित नेहरूंची मुलाखत घेणारे पहिले म्हणून पु. ल. देशपांडे यांचे नाव घेतले जाते. मुंबई केंद्रास मात्र २ ऑक्टोबर १९७२ पर्यंत थांबावे लागले. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले आणि कालांतराने ‘मंडी हाउस’ हे मंडीच्या राजेसाहेबांच्या निवासाचे नाव दूरदर्शनचेच दुसरे नाव होऊन बसले. १९८२ साली, आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, रंग आला आणि उपग्रहाद्वारे राष्ट्रीय कार्यक्रमही आला. त्या काळी रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील चित्रपट पाळीपाळीने दाखवीत. मराठीची पाळी यावयास कित्येक आठवडे लागत. आली की वसाहतीतील मराठी घरे शोधण्याची गरज नसे. ज्या घरासमोर चपलांचा ढीग, ते मराठी घर. २५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा तर भाषेचाही भेद उरला नाही.

आपले मंडळ या काळातले. संच भाड्याने आणून व्हिडिओवर मराठी चित्रपट दाखविणे, पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याकडून नाट्यसंगीताच्या ध्वनिफिती मागविणे, आणि एका फितीच्या दहा प्रती करून वाटणे, हे मंडळाचे अलिखित कार्य होते. प्रत काढली की आवाज थोडा मंदावे. प्रतीची प्रत काढली की आणखी मंदावे. शेवटच्या सभासदाच्या वाट्याला गाण्यापेक्षा फितीची सळसळच अधिक येई. तरीही तो ती जपून ठेवी.

वडील १९९४ साली निवृत्त होऊन पुण्यास परतले. आम्ही नोकरीनिमित्त येथेच राहिलो. त्या काळी दूरच्या दूरध्वनीचे दर रात्री उशिरा आणि पहाटे कमी असत. एकदा पहाटे आम्ही घरी दूरध्वनी केला असता पलीकडे आकाशवाणीचे भक्तिसंगीत सुरू होते. आईने काही न बोलता रिसीव्हर रेडिओपाशी धरला. बूथमधील आकडे पळत होते, मागे रांगेत दोन माणसे उभी होती, आणि आम्ही दिल्लीच्या थंडीत पुणे केंद्र ऐकत होतो. जेमतेम अर्धा मिनिट असेल. आज ज्यास ‘स्ट्रीमिंग’ म्हणतात, त्याचा आमच्या घरातील पहिला प्रयोग तो होय, असे आम्ही विनोदाने म्हणतो. आणि त्यात तथ्यही आहे, कारण पुढे जगाने जे केले ते तारेवरून ध्वनी पाठविण्याचेच होते.

ते कसे घडले, हे थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सामान्य ग्राहकांसाठी महाजालाची सेवा सुरू केली. अडचण होती ती नळीच्या अरुंदपणाची. तीन मिनिटांचे गाणे ध्वनितबकडीवरील गुणवत्तेने साठविले तर त्यास सुमारे ३२ मेगाबाइट जागा लागते. त्या वेळचा सेकंदास २८.८ किलोबिट वेगाचा मोडेम सर्व काही सुरळीत चालले तरी ते आणावयास जवळजवळ अडीच तास घेई. या कोंडीतून दोन युक्त्यांनी वाट काढली. पहिली जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेतील संशोधकांनी सिद्ध केली. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज मानवी कानास ऐकूच येत नाही. मग तो साठवावा कशास? असे अश्राव्य अंश वगळले की तेच गाणे सुमारे तीन मेगाबाइटमध्ये मावते. हेच ते एमपी-थ्री; १९९५ साली हे नाव ठरले. दुसरी युक्ती त्याच वर्षी अमेरिकेत ‘रिअलऑडिओ’ने लोकप्रिय केली. संपूर्ण गाणे येईपर्यंत थांबावयाचे नाही. ध्वनीचे लहान लहान तुकडे येत राहतात, काही सेकंदांचा साठा आधी करून ठेवावयाचा आणि एकीकडे वाजवीत असता दुसरीकडे भरत राहावयाचे. आडात पाणी झिरपत असता वरून पोहरा काढत राहावे, तसा हा प्रकार. आकाशवाणीनेही फार उशीर केला नाही. तिचा ध्वनी १९९७ सालीच महाजालावर आला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला प्रसार भारती अस्तित्वात आली.

यानंतरचा काळ वाचकांच्या प्रत्यक्ष अनुभवातील आहे. म्हणून टप्पे तेवढे नोंदवितो. उपग्रहामुळे १९९९ साली ‘अल्फा मराठी’ दिल्लीच्या घरांत दिसू लागली आणि २००० साली दूरदर्शनच्या मराठी वाहिनीस ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. २००५ साली यूट्यूबचा जन्म झाला. २०१६ च्या सप्टेंबरनंतर भ्रमणध्वनीवरील महाजालाचे दर एवढे उतरले की, चित्रफीत पाहणे ही चैन राहिली नाही. आकाशवाणीची देशभरची केंद्रे भ्रमणध्वनीवर ऐकू येऊ लागली. २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने ‘वेव्ह्ज’ हा स्वतःचा मंच सुरू केला आणि दूरदर्शनच्या जुन्या मालिका मागणीनुसार पाहण्याची सोय झाली.

ज्याच्या नावाने हा मार्ग ओळखला जातो, त्या पोलिश ज्योतिर्विदाने १५४३ सालच्या ग्रंथात एवढेच सांगितले होते की, कोण कोणाभोवती फिरतो याविषयी आपली समजूत उलटी आहे. आमच्या विषयातही तेच घडले. पूर्वी श्रोता केंद्राभोवती फिरत असे. पहाटे भक्तिगीते, रात्री नाट्यसंगीत, रविवारी चित्रपट. आपले जेवण, झोप, पाहुण्यांचे येणेजाणे त्या वेळापत्रकाने बांधलेले होते. आज केंद्र श्रोत्याभोवती फिरते. हा बदल इष्ट आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. खरखरीतून एक तान वेचणाऱ्या वडिलांना हे सुख लाभते तर त्यांनी काय केले असते, या विचाराने आजही आम्हांस भरून येते. परंतु टिपणी पुरी करावयाची तर दुसरी बाजूही नोंदली पाहिजे.

वडिलांच्या पश्चात, २०१८ साली, आई आमच्याकडे दिल्लीस राहावयास आली. आम्ही भ्रमणध्वनीवर पुणे केंद्र लावून दिले. ती प्रसन्न झाली. पुण्यातील हवामान, पुण्यातील कार्यक्रमांच्या सूचना ती मन लावून ऐके. मात्र चार दिवसांनी तिने तक्रार केली : “अरे, ही आकाशवाणी उशिरा बोलते.” ती आयुष्यभर आकाशवाणीच्या वेळेवर घड्याळ लावीत आली होती, येथे लावलेले घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळेना. कारण वर सांगितलेच आहे. काही सेकंदांचा साठा आधी करावयाचा असल्याने महाजालावरचा ‘आता’ हा नेहमी थोडा मागचा असतो. आम्ही तिला समजावून सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे पुण्यात होऊन गेलेलेच मी इथे ऐकते म्हण की.” यावर आम्हांस उत्तर सुचले नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि २८ मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखविले. तीच मालिका, तेच दूरदर्शन; दाराबाहेर चपला मात्र नव्हत्या. त्या वर्षीचा गणेशोत्सव मंडळाने महाजालावर केला. पंचावन्न घरे पडद्यावर आली, आणि आरती सुरू होताच सर्वांच्या ध्यानी आले की, एकत्र आरती म्हणणे शक्य नाही. प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याकडे थोडा उशिरा पोचत असल्याने ताल म्हणून राहिना. शेवटी एकाने म्हणावी आणि इतरांनी आपला आवाज बंद करून ओठ हलवावेत, असे ठरले. महाजालावर सर्वांना ऐकता येते. सर्वांना एका सुरात गाता येत नाही. त्यासाठी अजून एका छताखालीच यावे लागते. आमच्या मते मंडळाच्या पन्नास वर्षांनंतरच्या अस्तित्वाचे समर्थन एवढ्या एका अनुभवात आहे.

आता प्रस्ताव. महाजालावर सारे काही आहे, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः तेथे तेवढेच आहे, जे कोणीतरी जपून ठेवले आणि उचलून तेथे नेले. बी.बी.सी.सारख्या संपन्न संस्थेनेही १९६० च्या दशकातील आपल्या अनेक चित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या. त्यांतील कित्येक कार्यक्रम आज जगात कोठेही नाहीत. आपल्याकडेही असेच झाले. १९८६ च्या गणेशोत्सवातील नाट्यसंगीताच्या मैफलीचे मंडळाने ध्वनिमुद्रण केले होते. गाणारे आपलेच सभासद होते, निवेदन आमच्या वडिलांचे होते. ती फीत पुढे हातोहाती फिरली आणि कोणाच्या तरी घरी तिच्यावर चित्रपटगीते भरली गेली. कोणाचा दोष नव्हे. फिती महाग होत्या आणि ती गाणी हवीहवीशी होती.

गेल्या वर्षी मंडळाच्या कपाटात ही फीत आम्हांस सापडली. ती वाजविण्यासाठी जुने यंत्र दुरुस्त करून घेतले. दुसऱ्या बाजूची शेवटची सुमारे चार मिनिटे चित्रपटगीते संपल्यामुळे वाचली आहेत. गाणे थांबते, खट्‌ असा आवाज होतो, आणि मग वडील बोलू लागतात. ते कलावंतांचे आभार मानतात, चहाची व्यवस्था मागील खोलीत आहे असे सांगतात, आणि शेवटची बस चुकू नये म्हणून मंडळींना लवकर निघण्याची विनंती करतात. मागे लहान मुलांचा गलका आहे. त्यात कदाचित या स्मरणिकेचे काही वाचकही असतील. आईने ते दोनदा ऐकले. त्या फितीवरील चित्रपटगीते आज महाजालावर असंख्य ठिकाणी मिळतात. ज्यावर ती भरली गेली, तेवढे मात्र कोठेही मिळत नाही.

म्हणून विनंती अशी की, सभासदांनी आपापल्या घरातील फिती, चित्रफिती आणि ध्वनिमुद्रणे मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावीत. त्यांच्या अंकीय प्रती करून मूळ फिती परत करण्याचे कार्यकारिणीने मान्य केले आहे. चुंबकीय फितीचे आयुष्य माणसाच्या आयुष्याहून मोठे नसते, आणि पन्नास वर्षे हा तिच्या दृष्टीने फार मोठा काळ आहे. सोबत एक चिठ्ठी असावी : कोण गाते आहे, वर्ष कोणते, सभागृह कोणते. आवाज ओळखणारी माणसे आहेत तोवरच ती चिठ्ठी लिहून होईल. पहिली फीत आम्ही जमा केली आहे. तिच्या चिठ्ठीवर वडिलांचे नाव आईने स्वतःच्या हाताने लिहिले आहे.